वाईतला जुना वाडा दुरुस्त करायचाय, कंत्राटदार म्हणतो स्लॅब टाका. काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाईला आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, घाटापासून जवळच. घरात सगळे दीडशे वर्षांचा म्हणतात, जास्तही असेल. मूळ दोनचौकी होता, आजोबांच्या वेळी वाटण्या झाल्या तेव्हा मागचा चौक चुलत घराण्याकडे गेला आणि त्यांनी तो पाडून बिल्डिंग बांधली, त्यामुळे आता आमच्याकडे दिंडी दरवाजा, ओसरी, एक चौक, तीन बाजूंनी सोपे, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माडी एवढं उरलंय, चौथ्या बाजूला त्यांच्या बिल्डिंगची नागडी भिंत आणि तिच्यावरून येणारे पाइप. असो, तो विषय वेगळा.

मी पुण्यात असतो, नोकरी आता बरीचशी घरूनच, आईला पुण्यात करमत नाही आणि वाडा असा बंद पडून राहिला तर दहा वर्षांत बसेल हे दिसतंय. म्हणून तिथे राहायलाच जायचं चाललंय. म्युझियम नाही करायचं, राहायचंय. आईला गुडघ्यांमुळे खालीच कमोड हवा, मला माडीवर ऑफिस हवं, बायकोची अट एकच, स्वयंपाकघरात अंधार नको आणि बाथरूम स्वच्छ, कोरडं हवं. वाजवी आहे.

सध्याची अवस्था सांगतो. खालच्या भिंतींना छातीपर्यंत ओल आहे, काकांनी मागे केलेलं सिमेंटचं प्लॅस्टर ढलप्यांनी सुटतंय आणि आत पांढरं पांढरं पीठ, लोणा लागलाय. माडीचा एक कोपरा खचलाय, चालताना कळतं. तिथली तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर घातला तर मूठभर आत गेला. बाकी खांब ठणठणीत वाटतात, पण त्यांच्यावर ऑइलपेंटचे इतके थर आहेत की कोरीवकाम कुठलं आणि रंग कुठला कळत नाही. कौलं मंगलोरी, दोन ठिकाणी गळतं.

दोन माणसं येऊन बघून गेली. स्थानिक कंत्राटदार म्हणतो कडीपाट (माडीची लाकडी कड्या-फळ्यांची जमीन), माती सगळं काढून टाका, भिंतींवर गर्डर टाकून स्लॅब ओततो, खाली व्हिट्रिफाइड, भिंतींना वॉटरप्रूफ सिमेंट, चौकाला पॉलीकार्बोनेट, चार महिन्यांत किल्ली हातात, आणि पुढून बघणाऱ्याला वाडाच दिसेल म्हणतो. दुसरे एक आर्किटेक्ट, ते म्हणाले कशालाच हात लावू नका, आधी सहा महिने डॉक्युमेंटेशन. त्यांच्या नुसत्या रिपोर्टच्या पैशात माझी दोन बाथरूम होतील.

मला मधला रस्ता हवाय. स्लॅब खरंच इतका वाईट का? वर बाथरूम करता येईल का? चुन्याचं काम करणारी माणसं अजून मिळतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा प्लीज, नुसतं वारसा जपा वारसा जपा नको.

---

चुनाभट्टी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या साइटवर असतो, इंजिनिअर. फोटो नाहीत त्यामुळे जे लिहिलंय त्यावरूनच बोलतो.

स्लॅब नंतर, आधी पाणी. तुमच्या वाड्याचा आजार ओल आहे, बाकी सगळं त्यातून आलंय, ती तुळईसुद्धा. दिंडी दरवाजाबाहेर जाऊन पायऱ्या मोजा. आईंना विचारा त्या लग्न होऊन आल्या तेव्हा किती होत्या. बहुतेक ठिकाणी निम्म्या गायब असतात, कारण नगरपालिका दर वेळी डांबरावर डांबर चढवते आणि रस्ता वर येत राहतो, मग जे जोतं भिंतीला कोरडं ठेवायला उंच केलेलं होतं तेच जमिनीखाली जातं आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरतं. त्यावर काकांनी सिमेंट लावलं. मातीत नाहीतर चुन्यात बांधलेली भिंत खालून पाणी ओढतेच, पण पूर्वी ते पाणी फूट दोन फुटांवर गिलाव्यातून उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली म्हणून ते आतल्या आत वर चढलं, छातीपर्यंत आलं. आता तुमचा कंत्राटदार वॉटरप्रूफ सिमेंट लावणार आणि खाली कोबा करून व्हिट्रिफाइड बसवणार म्हणजे फरशीतून जे काय थोडं उडत होतं तेही भिंतीतच जाणार. माडीपर्यंत ओल न्यायची असेल तर बेस्ट उपाय आहे.

करायचं काय तर बाहेरून भिंतीलगत चर खणा, हात दीड हात खोल, पण पूर्ण लांबी एकदम उघडी करू नका, तुकड्यातुकड्याने, आणि पायाच्या खाली जाऊ नका. तळाला छिद्रांचा पाइप, वर खडी, उतार देऊन गटाराला जोडा. चौकातली जुनी मोरी शोधा, ती असतेच, शंभरातल्या नव्वद वाड्यांत ती मातीने बुजलेली सापडते. वळचणीला पन्हळी लावा. ती शेजारच्या बिल्डिंगच्या पाइपांची कटकट आहे ना, ते पाणी कुठे पडतं ते एका पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. मग आतलं सिमेंट छन्नीने हळू काढा, ब्रेकर नको, आणि भिंत उघडी ठेवा. एक अख्खा उन्हाळा मिळाला तर उत्तम. लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकायचा, पाण्याने धुतलात तर परत आत.

त्यानंतर चुन्याचा गिलावा. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणून टाकीत विझवायची आणि निदान दोनतीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायची, रंगाच्या दुकानातली जुनी पोती नकोत, ती हवा खाऊन अर्धी मेलेली असतात. वाळूबरोबर सुरखी, म्हणजे विटांची पूड, घाला, खालच्या ओलसर भागात नुसता चुना लवकर धरत नाही, सुरखीने धरतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा हे लोक घालतात, त्याने काम चांगलं चालतं, भेगा कमी पडतात, पण त्यात काही जादू नाही, प्रमाण आणि मळणं महत्त्वाचं. चुना मळायच्या घाणीला बैल नको आता, मोटरची मिळते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश परत दगड होतो, त्याला काही आठवडे ओली गोणपाटं आणि सावली द्यावी लागते, सिमेंटसारखं आज मारलं उद्या रंग असं नाही. आणि पहिला गिलावा बळीचा बकरा समजा, भिंतीतला उरलेला क्षार तो ओढून घेणार आणि दोनतीन वर्षांत खालचे काही फूट झडणार, तेवढा पट्टा परत करायचा. हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर मग चुना फालतू म्हणून ओरड होते.

आता स्लॅब. वाड्यात बहुतेक वजन भिंत नाही, खांब आणि तुळया घेतात, भिंत बरीचशी भरावाची असते. कंत्राटदार म्हणतोय गर्डर भिंतींवर टाकतो, म्हणजे जिने कधी एवढा भार घेतला नाही त्या मातीच्या जोडकामाच्या, शिवाय ओल्या भिंतीवर. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो, वर फरशी वेगळी. सहा इंच मातीचा थर साधारण अडीचशे. कंत्राटदाराची बाजू घ्यायची तर हेही सांगितलं पाहिजे की तुमच्या माडीवर सहा इंचच माती असेल असं नाही, पिढ्यानपिढ्या सारवून, भर टाकून फूटभर झालेली मी पाहिलीय, ती तशीच ठेवणंही शहाणपण नाही. पण कडक जड स्लॅब वर आणि मऊ भिंत खाली हे धक्क्यात वेगवेगळं हलतं. सातारा जिल्ह्यात आहात, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या मोठ्यांना विचारा. १९९३ ला किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माती यांनी माणसं मारली, आणि बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळून लाकडाचा सांगाडा मात्र उभा होता. म्हणून सांगाडा हा तुमचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, त्याला सोडून बाकी कशाशीही तडजोड करा. दगडी भिंतीला कुठे पोट आलंय का ओळंबा धरून बघा, दोन पदर सुटले असतील तर जोडदगड (दोन्ही पदरांना धरणारे आडवे दगड) घालावे लागतील, ते काम आधी.

स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र घ्या, ज्याने लाकडावर काम केलंय असा. तो आर्किटेक्टपेक्षा स्वस्तात पडेल आणि नको त्या गोष्टींना नाही म्हणेल.

---

स्पष्टवक्ता

सगळं छान लिहिलंय पण कुणीतरी दुसरी बाजू सांगायला हवी. आमचाही वाडा होता, सोलापूरकडे, माळवदाचा, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकायची, पावसाळ्यात रात्री उठून पातेली लावायची, उंदीर, विंचू, आणि सगळे चुलतभाऊ हक्क सांगायला पुढे आणि खर्चाला मागे. शेवटी विकला आणि मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही, आई शेवटची वर्षं कोरड्या घरात राहिली. लोकांना वाडा लग्नाच्या फोटोला हवा असतो. तुम्ही खर्चाचा आकडा काढा आणि त्याच्या दीडपट धरा आणि मग झोप येते का बघा.

आणि हो, कागद कुणाच्या नावावर आहेत ते लिहिलं नाहीत.

---

कृष्णाकाठ

@चुनाभट्टी साहेब, पायऱ्यांचं वाचून आईला फोन लावला. पाच होत्या म्हणाली, आता दोन आहेत! आणि मोरी कुठे होती तेही तिने बरोबर सांगितलं, तुळशीवृंदावनाच्या मागे, आता तिथे कोबा आहे.

@स्पष्टवक्ता, रागावलो नाही, तुमचं पटतं सुद्धा. नावावर वडील होते, आता वारस म्हणून आई, मी, बहीण आणि अमेरिकेतला भाऊ. भांडण काही नाही, सगळ्यांना वाडा राहावा असंच वाटतं, खर्चाला भाऊ निम्मे देतो म्हणतोय.

---

सुताराचा नातू

लाकडाचं मी सांगतो. आजोबा आणि त्यांचे वडील वाड्यांचीच कामं करायचे, मी फर्निचर करतो पण जुनी कामं येतात अधूनमधून.

तुळईचं टोक भिंतीत कुजलंय म्हणजे अख्खी तुळई गेली असं धरू नका. कंत्राटदार लोकांना पूर्ण काढायची घाई असते कारण जुनं सागवान ते घेऊन जातात, भावात धरलंय का विचारा, नाहीतर तुमच्याच घरातलं लाकूड तुमच्याच कंत्राटदाराच्या कमाईत. लाकडी हातोडीने पूर्ण लांबी ठोकत जा. टणटण वाजलं की शाबूत, भद्द वाजलं की आत पोकळ. जिथपर्यंत भद्द तिथपर्यंत कापायचं, पुढे कोरडं सागवान तिरक्या सांध्याने जोडायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. त्याआधी खाली टेकू, आणि जॅक लावून एकदम उचलायचं नाही, खचलेला कोपरा कित्येक वर्षांत खचलाय, तो एका दुपारी वर न्यायला गेलात तर चौकटी फाटतात, गिलावा सुटतो. रोज थोडं थोडं. आणि पूर्ण लेव्हलला आलाच पाहिजे असा हट्टही नको, अर्धा इंच राहू दे, गोटी घरंगळेल फार तर.

जोडलेलं टोक भिंतीत परत बसवाल तेव्हा तीन बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा, चुना-सिमेंट काही दाबून भरू नका, लाकडाला हवा लागली पाहिजे. गर्डर वाईटच असं नाही. एखाद्या तुळईला आधार म्हणून खालून चॅनल देता येतो पण त्याचा भार स्वतःच्या पायावर उभ्या खांबावर आणा, भिंतीवर नको. पुढे कुणाला काढायचा असला तर काढता येतो.

खांब कशावर उभे आहेत बघा. खाली दगडी तळखडा असेल तो. पुष्कळ ठिकाणी फरशी वर घेताना तळखडा बुजवून टाकतात आणि मग खांबाचा पाय ओल्या कोब्यात, तिथून वाळवी. फरशी काढाल तेव्हा तळखडे मोकळे करा, दिसायलाही छान. खांब वर निमुळता, कोरलेला असेल तर तो सुरूदार, पेशवाईतली फॅशन, पुण्यात विश्रामबाग वाड्याचे बघून घ्या म्हणजे रंगाखाली काय असेल अंदाज येईल.

रंगाला कॉस्टिक सोडा लावू देऊ नका. पेंटर लोकांना तेच सोपं पडतं पण सागवान काळं पडतं आणि तंतू उभे राहतात. हीट गनने रंग मऊ करून पत्र्याच्या पट्टीने काढायचा, नक्षीत दात घासायचा ब्रश. मास्क लावा, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं, लहान पोरांना तिथून लांब ठेवा. काढल्यावर मेलामाइन-बिलामाइन नको, चकचकीत होतं आणि दोन पावसाळ्यांनी सोलतं. बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल), पातळ हात, कापडाने पुसून घेत. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण, रंग काढल्यावर उघड्या लाकडाला, तेलाच्या आधी. नंतर मारून उपयोग नाही, शिरत नाही.

अजून एक. मंगलोरी कौलं ही मंगळूरला बासेल मिशनने १८६५ ला कारखाना काढला तिथून सुरू झाली. तुमचा वाडा खरंच दीडशेच्या पुढचा असेल तर ही बहुतेक मूळची नव्हेत, आधी नळीची कौलं असणार नाहीतर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. म्हणजे आजोबा-पणजोबांनीही वाडा मॉडर्न केलाच होता त्यांच्या काळात. तेव्हा मूळ रूप, मूळ रूप म्हणणाऱ्या लोकांना विचारा कुठल्या सालचं.

---

गडगा

राजापूरकडचं सासर, घर जांभ्याचं, आम्ही ठाण्याला असतो. सासऱ्यांनंतर घर दुरुस्त करून घेतलं ते मीच उभी राहून. वाडा नाही आमचा, पण बायकोची अट वाचून लिहावंसं वाटलं.

वरती बाथरूम नका करू. प्रत्येक जण सांगेल होतं म्हणून, मेंब्रेन टाका, सिमेंट बोर्ड टाका, आणि होतं सुद्धा, पण लाकडी तक्तपोशीवर पाण्याची एक लाइन गळायला लागली की तुम्हाला कळेपर्यंत खालची कडी काळी झालेली असते. आम्ही मागच्या पडवीला लागून दोन बाथरूमचं वेगळं बांधकाम केलं, पाया वेगळा, भिंत वेगळी, जुन्या भिंतीला नुसतं खेटून, मधे फट ठेवून वर पत्र्याची पट्टी. तिथे हवं तेवढं सिमेंट, टाइल्स, गिझर, सगळं नवं. जुन्या घरात एक नळ सोडून पाणीच नेलं नाही. सासूबाईंना उंबरा ओलांडावा लागू नये म्हणून फरशीची पातळी पडवीशी जुळवून घेतली, कठडे लावले, दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद ठेवलं, तेव्हा लागत नव्हती, नंतर लागली. तुमचा मागचा चौक गेलाय म्हणजे मागे जागा नसेल, मग खालच्या सोप्यातली एक खोली पूर्ण त्यासाठी द्या, बाहेरच्या भिंतीलगतची, म्हणजे पाइप सरळ बाहेर. माडीवरच्या ऑफिसमधून रात्री बाथरूमला खाली यावं लागेल, येईल हो माणूस.

पाइप आणि वायरी भिंतीत झिऱ्या मारून घालू नका. मातीच्या भिंतीत झिरी मारली की ती कुठे थांबेल सांगता येत नाही. आमच्या वायरमनला आधी अपमान वाटला उघडी वायरिंग म्हणजे, मग मी काळ्या लोखंडी पाइपात तुळयांच्या कडेने, एकदम सरळ ओळीत करून घेतली तेव्हा तोच फोटो काढून घेऊन गेला. वाळलेलं लाकूड आणि जुनी वायरिंग हे मात्र खरंच धोक्याचं, सगळी नवी टाका, अर्थिंग नवं, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी) तीस मिलीअँपिअरची, एसी लावणार असाल तर त्याला वेगळी लाइन. तसा एसी लागेल असं वाटत नाही. जाड भिंत आहे, वर कौल आहे, माडीला तेवढी कौलाखाली फळ्या आणि मधे इन्सुलेशन करा, एप्रिल-मे सुसह्य होतो.

अंधार. हा खरा प्रश्न आहे आणि पुरुष मंडळींना तो प्रश्नच वाटत नाही! खिडक्या फोडू नका, कौलात काचेची कौलं बसवा. स्वयंपाकघरावर माडी नसेल तर ओट्याच्या वर चार-सहा कौलं काचेची, दिवसा दिवा लागत नाही, त्या कौलांना काही कापावं-बिपावं लागत नाही, तोच साचा असतो. भिंती चुन्याने पांढऱ्या. आणि धुराची चूल गेलीय आता तर वरची काजळी साफ करून घ्या, आमच्याकडे वासे काळे होते ते नैसर्गिक रंगाचे निघाले, खोली दुप्पट वाटायला लागली. मॉड्युलर किचन करा खुशाल, पण भिंतीला ठोकू नका, पायांवर उभं करा आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडा. मागे हवा राहिली नाही तर बुरशी.

---

फोंडेकर

गोव्यातून. वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्या शेजारच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या काढून स्लायडिंग काच बसवली, आता दुपारी आत बसवत नाही, पडदे लावून लाइट पेटवतात. शिंपल्यातून ऊन गाळून यायचं. जे जुन्या लोकांनी केलं ते का केलं हे काढून टाकण्याआधी एक उन्हाळा एक पावसाळा राहून बघावं.

चौकावर पॉलीकार्बोनेट हा प्रकार तर मुळीच नको. चौक म्हणजे घराचं नाक आहे. गरम हवा तिथून वर जाते म्हणून सोप्यात वारा येतो, झाकलं की भट्टी. माकडांचा त्रास असेल तर जाळी टाका.

---

कृष्णाकाठ

माकडं आहेतच, म्हणूनच कंत्राटदार म्हणाला होता. आणि पावसाचं? चौकात धो धो पडतं, ओसरीपर्यंत तुषार येतात, आईला घसरायची भीती.

---

चुनाभट्टी

पावसासाठी वळचण हातभर पुढे काढा, पन्हळ आणि साखळी लावा, चिक (बांबूचे पडदे) खाली सोडता येतील असे. घसरायचं म्हणाल तर पॉलिश केलेला कडप्पा टाकू नका, शहाबादी टाका, छन्नीने टाकी मारून खडबडीत केलेली, पाय धरतो. चौकातली फरशी मोरीकडे उतरती आणि सांधे चुन्याचे. तरी झाकायचंच असेल तर चौकाच्या वर मोकळी हवा जाईल असं उंचावर, चारी बाजूंनी दीड-दोन फूट उघडं, स्वतःच्या खांबांवर, वाड्याच्या तुळयांना भोकं न पाडता. पण माझ्या मते पैसे वाया.

माडीच्या जमिनीचं राहिलं. माती काढा, पण एका बाजूची सगळी काढून दुसरीकडे ढीग करू नका, वजन असमान होतं. फळ्या बऱ्या असतील तर ठेवा, वर नव्या फळ्या आडव्या टाका, भार बराच उतरेल. एक तोटा आहे, माती आवाज आणि उष्णता दोन्ही अडवायची. खाली आई झोपणार आणि वर तुम्ही खुर्ची सरकवत मीटिंग करणार, तर मधे नारळाच्या काथ्याचे पत्रे किंवा रॉकवूल घाला.

---

नमुना आठ

कागदांचं थोडक्यात, कारण पैसा घालण्याआधी हे झालं पाहिजे. मिळकत पत्रिकेवर चौघांची वारसनोंद करून घ्या आधी. भाऊ निम्मा खर्च देणार आहे तर प्रेमात सगळं चाललंय म्हणून तोंडी ठेवू नका, कोण किती घालणार, राहणार कोण, उद्या विकायची वेळ आली तर काय, हे एका करारात लिहा. बहिणीला विसरू नका, तिने नको म्हटलं तरी कागदावर. भावाला येणं जमत नसेल तर तिकडच्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवू दे, ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावं लागतं, लोक हे विसरतात.

परवानगी. आतली दुरुस्ती आणि बाहेरच्या रूपात फरक न पडणारी कामं यांना एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्यात, १९६६ च्या, वेगळी वागणूक आहे, पण वाडा नगरपालिकेच्या वारसा यादीत असेल तर तो नियम बदलतो. त्यामुळे बांधकाम विभागात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, टेबलावरचं "करा हो काही नाही" धरू नका. दुसरं, घाटाजवळ म्हणालात. जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे का ते बघा. असल्यास १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, दुरुस्तीलाही परवानगी, आणि त्यापुढे अजून २०० मीटर नियंत्रित. ताईंनी सांगितलेलं बाथरूमचं वेगळं बांधकाम हे दुरुस्ती नाही, नवीन आहे, लक्षात ठेवा.

शेजारच्या बिल्डिंगचं पाणी तुमच्या हद्दीत पडतंय त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. चुलत असले तरी. आधी चहाला बोलवा, मग नोटीस.

---

स्पष्टवक्ता

चहा पिऊन पाइप वळवतील असे चुलते मी पाहिले नाहीत. पण बाकी धागा वाचून मत थोडं बदललं. लिहीत राहा, खर्चाचे आकडे टाका मात्र, तेच कुणी टाकत नाही.

---

कृष्णाकाठ

टाकतो. सध्या ठरलेलं असं, या पावसाळ्यात काहीच फोडायचं नाही, फक्त त्या तुळईला टेकू, कौलं चाळून गळती बंद आणि छत्री घेऊन पाणी कुठे जातं ते बघणं. दिवाळीनंतर बाहेरचा चर आणि मोरी, मग सिमेंट काढून उन्हाळाभर भिंती उघड्या. कंत्राटदाराला स्लॅब नाही म्हणून कळवलं, तो म्हणाला मग तुमचं तुम्ही बघा. चुन्याचा गवंडी अजून मिळालेला नाही. मेणवलीच्या वाड्याकडे किंवा आसपासच्या देवळांच्या कामांवर कुणी चुन्यात काम केलेलं माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, साताऱ्यापासून कऱ्हाडपर्यंत कुठलाही चालेल, राहायची सोय आमच्याकडे.

---

सुताराचा नातू

गवंड्याचं विचारून सांगतो. टेकू लावताना खाली दगड किंवा जाड फळी घ्या, ओल्या जमिनीवर नुसता वासा उभा केलात तर पावसात तो खाली जाईल आणि वरचा कोपरा त्याच्याबरोबर.